बॉयलरकाकांची सळई

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी खताचा ढीग आहे आणि त्या ढिगाच्या पोटात एक चार फुटी लोखंडी सळई कायम खुपसलेली असते. रोज सकाळी साडेसहाला बॉयलरकाका ती बाहेर ओढायचे, टोक फडक्याला पुसायचे, डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला क्षणभर टेकवायचे आणि आकडा सांगायचे. "छप्पन्न." "एकसष्ट." ऐकायला कोणी असो वा नसो. मग सळई जागच्या जागी खुपसून ते चहाला वर जायचे.

माझा अशा गोष्टींवर सहज विश्वास बसत नाही. साखरेच्या पाकासाठी आणलेला लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन मी एक दिवस खाली गेले. काका म्हणाले, "अठ्ठावन्न." माझ्या काट्याने सत्तावन्न दाखवले. असं मी तीन दिवस केलं. तीनही दिवस फरक एखाद-दुसऱ्या अंशाचा. चौथ्या दिवशी काकांनी थर्मामीटर माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"चांगला आहे तुमचा काटा," ते म्हणाले. "बरोबर दाखवतो."

बॉयलरकाका हे नाव त्यांना चाळीत असतानाच पडलं होतं. इथल्याच, परळच्या एका गिरणीत ते एकोणतीस वर्षं बॉयलरवर होते. पुढे आमची चाळ पाडून तिथे सात मजली इमारत झाली, चाळीतल्या गॅलऱ्या गेल्या, बरीच माणसंही गेली, पण नाव टिकलं. गिरणी बंद झाली त्या दिवशी भट्टीतली आग काढायचं काम त्यांच्याच पाळीत आलं होतं. याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले, तेही हातातलं काम न थांबवता.

"एक आग मी माझ्या हातानं इझवली. सांगितलं, इझवली. दुसरी नाय इझवणार."

"काका, हा कचरा आहे," मी म्हटलं. "इथे कुठे आलीय आग?"

त्यांनी सळई माझ्यापुढे धरली. मी मनगट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. मग मी तो विषय पुन्हा काढला नाही.

ढीग त्यांच्याकडे आला तो असा. ओला कचरा सोसायटीने आपला आपण जिरवावा असं ठरलं, तेव्हा कमिटीने प्लॅस्टिकची तीन मोठी पिंपं आणली. महिनाभरात त्यांत अळ्या झाल्या. मी तेव्हा नुकतीच सेक्रेटरी झाले होते. विमा कचेरीत दिवसभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि घरी येऊन अळ्यांची, असं चाललं होतं. काका एक दिवस दारात येऊन म्हणाले, "पिंपं काढा. मला बदामाखालचा कोपरा द्या, शंभरेक जुन्या विटा द्या आणि मधे कोणी बोलू नका." पहिल्या दोन गोष्टी मी दिल्या.

विटांचं कडं त्यांनी स्वतः रचलं, मधे मधे फटी ठेवून. ढिगाकडे ते बॉयलरच्याच हिशेबाने बघायचे. जाळ, पाणी आणि वारा. बदामाची पाने म्हणजे त्यांचा कोळसा. फेब्रुवारीत ती लाल होऊन गळायला लागली की काका रोज झाडून गोळा करायचे, हाताने फाडून गोणीत भरायचे. अख्खी पाने थरावर थर बसतात आणि वारा अडवतात, म्हणून फाडायची. मार्चअखेर जिन्याखाली बारा-चौदा गोण्या उभ्या असायच्या. चेअरमन कुरकुरायचे. काका म्हणायचे, "मे महिन्यात कोळसा खंयसून आणू? तेव्हा झाडावर पानं हिरवी असतात."

आमच्यासारख्यांना वाटायचं, उन्हाळा म्हणजे खताचा हंगाम. एवढं ऊन आहे, पटापट शिजेल. मी तसं बोलून दाखवलं तर काका म्हणाले, "तापलं म्हणजे शिजलं असं नाय, सेक्रेटरीबाई. पापड उन्हात ठेवला तर शिजतो काय? वाळतो." त्यांच्या मते मे महिना सगळ्यांत वाईट. पावसात ढीग बोंब मारतो, पाणी गळतं, वास सुटतो, माणसं धावत येतात. उन्हाळ्यात तो आवाज न करता मरतो. वरून बघावं तर छान कोरडा, माशी नाही, वास नाही, आणि आत काहीच चाललेलं नाही.

म्हणून मे महिन्यात त्यांची एक जास्तीची फेरी असायची, ऊन उतरल्यावर. आतलं मूठभर काढायचे आणि लाडू वळावा तसं दाबायचे. लाडू वळला पाहिजे, बोटांच्या फटीतून एखादा थेंब दिसला पाहिजे, धार लागता कामा नये. वळला नाही तर पाणी, धार लागली तर पाने. पाणी ते वरून ओतत नसत. सळईने चार-पाच भोके पाडून त्यांतून तांब्या-तांब्याने सोडायचे, म्हणजे ते पोटात जायचं. वर ओलं गोणपाट. खालीवर करणंही उन्हाळ्यात कमी, कारण उघडलं की ओल उडते.

हे पाणी कुठून आणायचं हा प्रश्नच होता. मे महिन्यात पाणीकपात, आणि टाकीचं पाणी कचऱ्याला घालताना कोणी पाहिलं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. काकांनी ढिगाच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नाडकर्णी वहिनींच्या एसीची नळी खाली आणून तिच्याखाली बादली ठेवली. वहिनी रात्री झोपायच्या, सकाळपर्यंत बादली भरायची.

"वहिनी, काल एसी लवकर बंद केलात?" काका विचारायचे.

"काका, बिल तुम्ही भरता का?"

"नाय. पण ढीग तहानलेला राहिला."

वहिनी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. तक्रार करायची तर लेखी, तारीख घालून. पुढे त्यांचा संबंध येणार आहे म्हणून सांगितलं.

सकाळी सगळ्यांनी आपापली कचऱ्याची बादली काकांच्या हातात द्यायची, परस्पर ओतायची नाही, हा त्यांचा दंडक होता. त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजलं हे त्यांना आमच्या नवऱ्यांआधी कळायचं. आंब्याच्या दिवसांत तर विचारूच नका. "चौथ्या मजल्यावर पाव्हणे आलेले दिसतात. बाठे वीस आहेत." माझ्या बादलीत एकदा नुसती चहाची पत्ती निघाली. काकांनी माझ्याकडे बघितलं. तीन दिवस डबा बाहेरून येत होता, हे मला त्यांना सांगावंच लागलं. आंब्याची साले ते वर कधी ठेवत नसत. हातभर खोल पुरायचे, वर दोन घमेली पाने. चिलटं म्हणून दिसायची नाहीत.

एका उन्हाळ्यात काका तापाने आठवडाभर पडले आणि कोणीतरी बांगड्याची डोकी वरच्या वर टाकली. वहिनींच्या लागोपाठ दोन लेखी तक्रारी आल्या. कमिटीतल्या काहींचा त्या कोपऱ्यावर दुचाक्या लावण्यासाठी आधीपासून डोळा होताच. मी नोटीस लिहिली: तिसरी तक्रार आल्यास ढीग कायमचा बंद करून जागा पार्किंगला देण्यात येईल. काका बरे होऊन खाली आले तेव्हा फळ्यापुढे उभं राहून त्यांनी ती चष्मा लावून सगळी वाचली.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "नियम लिवलेला बरा. तोंडी असला तर बदलतो."

आणि खरंच, पुढची दोन वर्षं एकही तक्रार आली नाही. पण काका मे महिन्यात गावाला जायचे थांबले. निम्मी इमारत कोकणात जायची. त्यांचा मुलगा, सून जायचे. गावात त्यांची आक्का होती, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी, एकटी, आणि ती दर वर्षी निरोप धाडायची. काका म्हणायचे, "गणपतीक येतंय म्हणून सांगा."

तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीला आक्का विहिरीजवळ घसरून पडली. काका सळई घेऊन माझ्या दारात आले. मी ऑफिसला निघाले होते.

"पंधरा दिवस जाऊन येतो," ते म्हणाले. "ही धरा."

"मी? काका, मला नऊची गाडी आहे. कोणीतरी दुसरं बघा ना."

"नोटीस तुम्ही लिवलात. मगे सळई पण तुम्हीच धरा."

त्यांनी उभ्या उभ्या चार गोष्टी सांगितल्या आणि मी त्या डायरीत लिहून घेतल्या. सळई रोज, मनगटावर. लाडू रोज. साले खोल. शिजलेलं काही नको. मी म्हटलं, एवढंच ना. काका म्हणाले, "एवढंच."

एक मे रोजी आमच्या सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते. त्या वर्षी निम्मी इमारत रिकामी होती हे सगळ्यांना दिसत होतं. तरी शिरा नेहमीसारखा सव्वापाच किलो रव्याचा झाला. मी कमी करा म्हटलं, पण गेल्या वर्षी सव्वापाच केला तो या वर्षी सव्वादोन करायचा म्हणजे कसंतरीच वाटतं, असं चौघांनी सांगितलं आणि मीही गप्प बसले. उकाड्यात तुपाचा शिरा कोण मागून घेणार? संध्याकाळी आरती झाल्यावर शेजारच्या इमारतींत वाटला, रखवालदारांना दिला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी एक परात भरून उरलेला होता आणि त्याला आंबूस वास यायला लागला होता.

"हा कचऱ्याच्या गाडीत नाही हं टाकायचा," नाडकर्णी वहिनी म्हणाल्या. "प्रसाद आहे."

"मग काय करायचं?"

"काकांच्या ढिगात घाला. मातीत गेला म्हणजे विसर्जनच झालं."

शिजलेलं काही नको, हे मी माझ्याच अक्षरात लिहून ठेवलं होतं. पण प्रसाद हे शिजलेलं अन्न असतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. प्रसाद म्हणजे प्रसाद. शिवाय मला ऑफिसला उशीर होत होता. आम्ही दोघींनी मिळून परात उपडी केली, वर गोणपाट टाकलं. वहिनींनी हातही जोडले.

तिसऱ्या दिवशी सळई बाहेर काढली तर चिकट. मनगटाला नुसती कोमट लागली. मला वाटलं, उन्हाने वाळला असेल, म्हणून मी पाणी जास्त घातलं. चौथ्या दिवशी माश्या आल्या, तेव्हा निळं प्लॅस्टिक आणून वरून घट्ट झाकलं. पाचव्या दिवशी मी घरी आले तेव्हा वास फाटकातच नाकात शिरला. सोसायटीच्या ग्रुपवर वहिनींचा मेसेज होता, तारखेसह: असह्य दुर्गंधी येत आहे. ही तिसरी तक्रार समजावी.

मी काकांना फोन लावला. गावात रेंज नव्हती; बऱ्याच वेळाने लागला तेव्हा ते कुठेतरी उंचावर चढून बोलत होते, मागे वारा ऐकू येत होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"कोमट."

"खोल घातलीत सळई? पोटात?"

"हो."

"वास कसला? ताकाचा की अंड्याचा?"

मी विचार केला. "ताकाचा. जुन्या ताकाचा."

"मगे मेला नाय. गुदमरलाय. काय घातलात?"

"शिरा."

"किती?"

"एक परात."

वारा घोंघावत राहिला. मला वाटलं फोन कट झाला.

"तूप साजूक होतं?"

"हो."

"मगे लाड झालेत त्याचे," काका म्हणाले. "मीटिंग कधी आहे?"

"रविवारी. चार दिवसांनी."

"चार दिवस पुष्कळ झाले." आणि त्यांनी काय करायचं ते सांगितलं. प्लॅस्टिक फेकायचं. ढीग सगळा उपसायचा, पण सावलीत पसरायचा, उन्हात नाही. शिऱ्याची ढेकळं हाताने फोडायची. चार गोण्या पाने मिसळायची आणि पुन्हा उभा करायचा, मध्यभागी पोकळ बांबू ठेवून. पाणी थेंबभर नाही. ते परत येतो म्हणाले नाहीत. रागावलात का, असं मी विचारणार होते, पण तेवढ्यात रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. जुना पंजाबी ड्रेस घातला, नाकाला ओढणी बांधली आणि दाताळं घेऊन सुरुवात केली. दहा मिनिटांनी नाडकर्णी वहिनी खाली आल्या, हातात रबरी मोजे.

"तक्रार मी मागे घेणार नाही," त्या आधीच म्हणाल्या. "वास आला तो आला."

"घेऊ नका. पण शिरा कोणी घालायला सांगितला?"

"मी. परवानगी कोणी दिली?"

"मी."

"मग सरका तिकडे," असं म्हणून त्यांनी घमेलं ओढलं.

दुपारपर्यंत आम्ही उपसत होतो. ढेकळं फोडताना त्यांनी एकदाच उलटी आल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाल्या, सव्वादोनच करायला हवा होता. ढिगाच्या अगदी तळाशी मात्र हातभर काळं, भुसभुशीत खत निघालं. त्याला वास मातीचा होता. दोघींनी ते थोडा वेळ हातात धरलं आणि बाजूला काढून ठेवलं. पाने घातली, बांबू उभा केला, ओलं गोणपाट पिळून वर टाकलं. दुसऱ्या दिवशी सळई चाळीस होती. माझ्या काट्याने तपासली, बरोबर होती. शनिवारी एक्कावन्न.

रविवारी मीटिंगमध्ये मी माझीच नोटीस वाचून दाखवली. तिसरी तक्रार नोंदवली गेली आहे, ढीग त्या आठवड्यात काकांच्या नाही तर माझ्या ताब्यात होता, आणि काकांनी मनाई केलेली गोष्ट मी केली, हे सांगितलं. दुचाकीवाल्यांपैकी एकाने लगेच जागेची मापं काढली. चेअरमन म्हणाले, "जाऊ द्या ना, तोंडी समज देऊन सोडून देऊ."

"तोंडी नाही," मी म्हटलं. "नियम पाळायचा तर उद्या विटा काढा. बदलायचा तर ठराव करा. आधी खाली येऊन बघा."

सगळे खाली आले. वास नव्हता. मी सळई काढून चेअरमनसाहेबांपुढे धरली. त्यांनी ऐटीत मनगट टेकवलं आणि "अहो, चटका बसला," म्हणत हात झाडला.

"साठ," मी म्हणाले. बोलून गेल्यावर लक्षात आलं की थर्मामीटर वर घरात राहिला होता.

ढीग राहू द्यायचा ठराव सात विरुद्ध दोन असा झाला. जुनी नोटीस काढून मी नवी लावली. तीत एक ओळ वाढली: शिजवलेलं अन्न, प्रसादासकट, ढिगात टाकू नये. वहिनींनी ठरावाच्या बाजूने हात वर केला आणि आपली तक्रार इतिवृत्तात तशीच राहू द्यायला सांगितलं.

काका पंधराऐवजी बावीस दिवसांनी आले. हातात पिशवी तशीच घेऊन आधी मागे गेले. मी खिडकीतून पाहिलं आणि उतरले. त्यांनी सळई काढली, पुसली, मनगटाला लावली. मग मूठभर काढून लाडू वळला, मोडला. नवी नोटीस वाचली होती की नाही कोण जाणे.

"किती?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा."

मी मनगट टेकवलं. "अठ्ठावन्न."

"हां." त्यांनी सळई परत खुपसली, पण हात तिच्यावरच ठेवला. "आक्काचा पाय जमिनीवर टेकत नाय आता. तिका एकटीक ठेवून येणं जमायचं नाय. मी ठरवून आलो होतो, इथे विझलेला बघितला तर राहायचं, नायतर जायचं."

"विझलेला असता तर राहिला असतात?"

"मगे? कोणी पेटवायचा?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते कायमचे गावी गेले. निरोपाचा कार्यक्रम करू का, असं चेअरमननी विचारलं, तर म्हणाले, शिरा करू नका.

त्यानंतर दोन उन्हाळे काकांचा फोन यायचा. फक्त मे महिन्यात, दर रविवारी, त्याच वाऱ्यातून. "किती?" मी आकडा सांगायची. पन्नासच्या खाली असला तर ते प्रश्न विचारायचे, वर असला तर "हां" म्हणून ठेवून द्यायचे. माझी तब्येत, त्यांची तब्येत, हे कधी झालं नाही. पावसाळ्यात ते फोन करत नसत. पावसात बिघडलं तर तुम्हाला कळतंच, म्हणायचे.

या वर्षी फेब्रुवारीत ते गेले. आक्का आहे. मुलाने ग्रुपवर कळवलं आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी खाली जाऊन बदामाची पाने गोळा केली, कारण ती गळायला लागली होती. या वर्षी तेरा गोण्या झाल्या.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांच्याच नंबरवरून फोन आला. पलीकडे म्हाताऱ्या बाईचा आवाज होता. मागे वारा नव्हता; गावात आता घरापर्यंत रेंज आली असावी.

"मी तेची आक्का बोलतंय. तो मे महिन्यात तुमका फोन करी. किती आसा, असा इचारी. मगे मी केलंय. किती आसा?"

"थांबा हं," मी म्हटलं. फोन कानाला लावूनच जिना उतरले, मागे गेले, सळई ओढली, फडक्याला पुसली आणि मनगटाला लावली.

"सत्तावन्न," मी सांगितलं.

"बरा आसा मां?"

"बरं आहे. थोडं पाणी घालायला हवं."

"मगे घाल गो," आक्का म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी वहिनींच्या एसीखालची बादली उचलली. काठोकाठ भरली होती.